ट्रंकमामांनी गोड केलेलं औषध

समोरचा पडदा तूर्त खालीच राहू दे. आपला पडदा उघडतो तो त्याच्या मागे, उजव्या विंगेत.

पिवळा, मिणमिणता दिवा. एक लांब लाकडी टेबल. त्यावर पांढरा कागद ताणून ठोकलेला आणि कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या: इथे पेला, इथे कंदील, इथे पत्र, इथे खंजीर. प्रत्येक आकृतीत तीच वस्तू बसलेली, पाळण्यात बाळ बसवावं तशी. टेबलाशी एक बुटका, टकला माणूस उभा आहे. तो डावीकडून सुरुवात करतो आणि एकेका वस्तूला हात लावत उजवीकडे सरकतो. ओठ हलताहेत. कंदील आहे. काडेपेटी आहे. काडेपेटीत काड्या आहेत. शेवटी तो सुरई उचलतो, पेल्यात दोन बोटं लाल दारू ओततो, घोट घेतो, जिभेवर घोळवतो आणि मान डोलावतो. मगच तिसरी घंटा होते.

दारू कसली, सरबतच ते! पण ते असं जमवायचं की पहिल्या रांगेतल्या दर्दी माणसालाही वाटावं, चार वर्षं मुरलेली दिसते. ही कला त्या माणसाची. नाटकातलं सगळं सामान तो एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत घेऊन फिरायचा, म्हणून नाट्यगृहात लहानथोर सगळे त्याला ट्रंकमामा म्हणत. पाळण्यातलं नाव काय होतं ते बहुधा फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलं असावं.

आधी चाखून बघायची सवय कशी लागली, तीही गंमत ऐका. मामा नवे होते तेव्हा पेला साबणानं धुतला गेला आणि खळबळायचा राहिला. मेजवानीच्या प्रवेशात राजानं घोट घेतला, प्रधानाला देहदंड फर्मावला, आणि ‘देहदंड’ म्हणताना तोंडातून तीन फुगे निघाले. मरायला निघालेला प्रधान हसला. प्रेक्षक हसले. राजा मात्र पुढे आठवडाभर मामांशी बोलला नाही. तेव्हापासून मामांनी नियमच केला: नटाच्या तोंडात जायचं ते आधी माझ्या तोंडात.

तो राजा म्हणजे कंपनीचा मुख्य नट. जन्मभर मुकुट घालून घालून सगळे त्याला महाराजच म्हणू लागले होते. मामांचा तो तीस वर्षांचा मित्र. भांडण रोजचं आणि जीवही रोजचाच.

बारा वर्षांपूर्वी मामांच्या पोटानं दगा दिला. आधी वाटलं, बाहेरचं काही खाल्लं. मग रक्त पडायला लागलं. दिवसातून बारा वेळा, पंधरा वेळा. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, आणि तीही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. का होतं, कुणाला होतं, याला उत्तर नाही. औषधानं ताब्यात राहील, पण पाठ सोडणार नाही.

विंगेपासून संडासापर्यंत बेचाळीस पावलं आणि तीन पायऱ्या. मामांना ती पाठ होती. कुठल्या प्रवेशात आपल्याला किती मिनिटं सवड आहे, हे त्यांना नटांच्या वाक्यांवरून कळायचं. एकदा मात्र हिशेब चुकला. कंदील मामांच्या हातात आणि मामा पायऱ्यांच्या पलीकडे. रंगमंचावर अंधाऱ्या बागेत महाराज वाट बघत उभे. काय करतील बिचारे? त्यांनी चंद्रावर बोलायला सुरुवात केली. सात मिनिटं बोलले. नाटकात चंद्र नव्हताच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलंसुद्धा की चंद्राचं स्वगत फार हृद्य झालं. महाराज ते कात्रण अजून पाकिटात ठेवतात आणि मामांना दाखवून म्हणतात, “ट्रंक्या, तुझ्या पोटानं मला नाटककार केलं.”

औषधं बदलत बदलत एकदाची लागू पडली. जखमा भरल्या, रक्त थांबलं. गेली सहा वर्षं मामा शहाण्यासारखे गोळ्या घेत होते आणि बेचाळीस पावलं विसरले होते. माणूस सुखात असला की त्याला दुखणं कशाला आठवतंय?

पण डॉक्टरीणबाईंना आठवत होतं. आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, “मामा, आता ठरावीक काळानं दुर्बीण घालून बघायला हवं.”

“पण मी ठणठणीत आहे की.”

“म्हणूनच. सूज पुष्कळ वर्षं राहिलेल्या आतड्यात कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तो एका दिवसात येत नाही. आधी पेशी बदलायला लागतात. तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, रक्त जात नाही. बघितलं तरच दिसतं. आणि तेव्हा दिसलं तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतं.”

मामांनी मान डोलावली. तारीख घेतली. त्या दिवशी प्रयोग होता, म्हणून गेले नाहीत. तीन वर्षांनी पुन्हा तारीख घेतली. त्या दिवशी प्रयोग नव्हता. तरी गेले नाहीत. दिवसभर नाट्यगृहात बसून खंजिराच्या मुठीला चंदेरी कागद चिकटवला आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं, “सगळं छान आहे म्हणाल्या.”

ही बायको म्हणजे मामी. टपाल कार्यालयात पत्रं वेगळी करण्यात तिचा जन्म गेला. पाकीट हातात घेतलं की आत लग्न आहे की तक्रार, हे तिला वजनावरून कळायचं. एका सकाळी दवाखान्याचं पाकीट घरी आलं. मामीनं ते फोडलं नाही. चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि समोर बसली.

“वाचा की.”

नाटकातली पत्रं कोरी असतात. कोरा कागद हातात धरून नट घळाघळा रडतात, आणि ते बघण्यात मामांची हयात गेलेली. त्यांनी पत्र उघडलं, चष्मा सारखा केला आणि भरल्या गळ्यानं वाचलं, “आपली प्रकृती उत्तम असल्याचे कळविण्यास आनंद होतो…”

“छान वाचता हो. आता इकडे द्या.”

मामीनं वाचलं. आपण ठरलेल्या तपासणीला दोनदा आला नाहीत. आपली शेवटची दुर्बीण तपासणी बारा वर्षांपूर्वी झाली आहे. कृपया लवकरात लवकर भेटावे.

चहावर साय धरली.

“मग मागच्या वर्षी ‘सगळं छान आहे’ म्हणालात, ते कुणाचं आतडं बघून?” मामीनं विचारलं.

“अगं, मी…”

“शेजाऱ्यांचं होतं का? त्यांना तरी कळवायचं होतं. आनंद झाला असता.”

मामा टेबलावरचा चहाचा डाग बोटानं पुसत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, “सापडलं काही तर?”

“तर काढतील.”

“आतडंच काढतील सगळं. पोटाला पिशवी लावतील. पिशवी लावून मी ट्रंक कशी उचलू? विंगेत कसा उभा राहू?”

“लोक राहतात उभे. आमच्या टपालात एक आहेत, माझ्यापेक्षा जड गोणी उचलतात.” मामीचा आवाज जरा खाली आला. “आणि नाही बघितलं, तर आतलं लाजून निघून जाणार आहे का? अहो, मला खोटं सांगितलंत त्याचं एवढं नाही. तुम्ही वर्षभर एकट्यानं घाबरत बसलात, त्याचा राग येतोय मला.”

मामा गेले. नवी तारीख घेऊन आले.

ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांना सांगायला नको की खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. आतडं आरशासारखं स्वच्छ हवं. दिवसभर पातळ आणि नितळ तेवढंच घ्यायचं, आणि मग ते औषध. दोन मोठे तांबे, अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. मामीनं दवाखान्याचा कागद भिंतीवर डकवला होता. त्यात लिहिलं होतं, लाल किंवा जांभळ्या रंगाचं पेय घेऊ नये. मामांनी तो कागद दोनदा वाचला, आणि सगळा दिवस पाणी आणि बिनदुधाचा चहा यांच्यावर काढला. अगदी इमानदारीनं.

संध्याकाळी औषधाचा पहिला घोट घेतला मात्र, मामांमधला कलावंत दुखावला. खारट, आंबट, तुरट आणि वर कसलातरी खोटा लिंबाचा वास. हे असलं प्यायला द्यायचं माणसाला? तीस वर्षं ज्यानं गढूळ पाण्याची राजेशाही मदिरा केली, त्याच्या घरात? मामी शेजारच्या खोलीत कपडे आवरत होती. मामांनी पिशवीतून बाटली काढली. नाटकातल्या दारूचा घट्ट लाल पाक. सवयीनं दोन बोटं मोजून तांब्यात घातला, ढवळला, चाखला. थोडा आणखी घातला. मान डोलावली.

कागद आठवला नाही असं नाही. पण त्यात पेय घेऊ नये असं होतं. हे पेय कुठे होतं? हे तर औषध होतं. मामांनी ते चक्क नाटकातल्या पेल्यातून प्यायलं. पहाटेचा तांबाही तसाच रंगवला.

“त्रास झाला का हो प्यायला?” मामीनं विचारलं.

“छे! सवयीचा प्रश्न असतो,” मामा म्हणाले.

सकाळी सहाच्या सुमारास संडासात मामांनी खाली बघितलं आणि बघतच राहिले.

लाल.

सहा वर्षांनी पुन्हा लाल. तो रंग आपणच घोटून घोटून घातला आहे, हे दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण भीती शिरली की अक्कल बाहेर जाते. मामांना फक्त बारा वर्षांपूर्वीच्या सकाळी आठवल्या. ते भिंतीला धरून उभे राहिले. आता तपासायचं तरी काय उरलं, असंच त्यांना वाटलं. मामीला ते काही बोलले नाहीत. दवाखान्यापर्यंत तिचा हात मात्र त्यांनी सोडला नाही, आणि ती मनात म्हणाली, आज स्वारीला झालंय काय?

दवाखान्यातल्या खोलीत पांढरी खाट, काळा पडदा आणि एक सिस्टर. मामा तिच्या कानाशी लागून पुटपुटले, “सिस्टर, रक्त जातंय. पुष्कळ. बाहेर बायकोला सांगू नका.”

सिस्टरनं लगेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दोघींनी तपासलं, मग एकमेकींकडे बघितलं.

“मामा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “औषध कशातून घेतलंत?”

“पेल्यातून. म्हणजे आमच्या, नाटकातल्या.”

“आणि त्यात काय घातलंत?”

मामांना लाल पाकाची बाटली आठवली. त्या क्षणी त्यांना एकदम हायसं वाटलं आणि त्याच क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असंही वाटलं.

दुर्बीण थोडी आत घालून बघितली. भिंती गुलाबी, कोपऱ्यात लाल डबकी. डॉक्टरीणबाईंनी हात थांबवला. “बदललेला भाग सपाट असतो, मामा. आसपासच्या भिंतीत बेमालूम मिसळलेला. तो दिसावा म्हणून मी आत निळा रंग फवारते. या गुलाबीवर निळा काय दिसणार? पुन्हा यावं लागेल.”

“जेवढं बघितलंत तेवढं चांगलं आहे ना? मग झालं की.”

“अर्धं नाटक बघून कुणी मेलं की नाही ते सांगता येतं का?”

मामांनी बाहेर येऊन मामीला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मामांना वाटलं, रडतेय. मग कळलं की हसतेय.

“जगात कोट्यवधी माणसं ते औषध नाक दाबून पितात,” ती डोळे पुसत म्हणाली. “त्याची मेजवानी करणारे तुम्हीच!”

पण खरी पंचाईत पुढेच होती. निळ्या रंगाची ही सावकाश तपासणी ठरावीक दिवशीच व्हायची. जवळची तारीख दहा दिवसांनी होती, आणि नेमका त्याच दिवशी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. त्याच्यानंतरची तारीख थेट दोन महिन्यांनी. तीस वर्षांत मामांनी एकही पहिला प्रयोग चुकवला नव्हता. आईचं आजारपण असतानाही ते आले होते.

“दोन महिन्यांनी करूया,” मामा म्हणाले.

“कदाचित चालेलही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण तुमचे दोन महिने मला माहीत आहेत. ते चार वर्षांचे असतात.” आणि त्यांनी दोन्ही तारखा कच्च्या लिहून ठेवल्या.

मामी या वेळी काही बोलली नाही. मामांना तेच जड गेलं.

तीन दिवसांनी तालमीत मामा टेबल मांडत होते. त्रेसष्ट वस्तू होत्या, तीन प्रवेशांत जेवण होतं. महाराज शेजारी स्टुलावर वाक्यं पाठ करत बसले होते. मामांनी कंदिलाची काच उतरवली, वात बघितली, काच पुन्हा चढवली.

“ट्रंक्या, हा कंदील तीस वर्षांत कधी रंगमंचावर विझलाय का रे?” महाराजांनी विचारलं.

“नाही.”

“मग दर वेळी उघडून काय बघतोस त्याच्यात?”

“अरे, उघडून बघतो म्हणून तर…” मामा म्हणाले आणि थांबले. काच हातातच राहिली.

महाराज पुन्हा वाक्यांकडे वळले होते. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. थोड्या वेळानं मामांनी विचारलं, “महाराज, पहिल्या प्रयोगाला टेबल तू मांडशील?”

“मी? मला माझा चष्मा सापडत नाही, माझ्या नाकावर असताना.”

“आकृत्या काढलेल्या आहेत. पेल्यावर पेला ठेवायचा. एवढं जमेल राजाला?”

महाराजांनी वही मिटली. दुर्बिणीचं त्यांना मामीकडून आधीच कळलं होतं. इतके दिवस ते वाटच बघत होते, हा तोंड कधी उघडतो याची. आता मात्र त्यांचा तो प्रसिद्ध आवाज जरा बसला. “मांडतो. आणि तुझं ते घोट घेणंही मीच करतो. पण एका अटीवर. त्या दिवशी नाट्यगृहाकडे तू फिरकायचं नाहीस. फोन करून ‘काडेपेटीत काड्या आहेत का’ विचारायचं नाही.”

“एकदाच विचारीन.”

“एकदाही नाही!”

पुढचे चार दिवस राजा सेवकाचं काम शिकत होता. त्यानं दोनदा खंजीर आणि चमच्याची अदलाबदल केली, आणि मामांनी त्याला दोनदा भर तालमीत गाढव म्हटलं. सगळ्या कंपनीनं फुकटात तो प्रयोग बघून घेतला.

या वेळच्या औषधाची व्यवस्था मामीनं स्वतःकडे घेतली. लाल पाकाची बाटली टपाल कार्यालयातल्या तिच्या कुलुपाच्या कप्प्यात गेली. ती समोर खुर्ची टाकून बसली. “नाक दाबा. घोट. आणखी एक. तोंड वेडंवाकडं केलंत तरी चालेल, बघायला मीच आहे.” मामांनी एकेक पेला असा प्यायला की विषप्राशनाच्या प्रवेशाला टाळ्या पडाव्यात.

सकाळी सगळं पाण्यासारखं नितळ. मामा खाटेवर पडले. सुईतून गुंगीचं औषध गेलं. डोळे पुरते मिटले नव्हते, आणि समोरच्या पडद्यावर त्यांना एक लांब बोगदा दिसत होता, त्याच्या भिंतींवर निळा रंग हळूहळू उतरत होता. रंगमंचावर रात्र करायची तर आम्ही निळा दिवा लावतो, असं काहीतरी ते बोलले म्हणे. सिस्टरनं हो हो म्हटलं. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “थांब. इथे बघू.” निळ्यामध्ये मसुराएवढा एक ठिपका होता. रंग त्याच्या कडेशी येऊन थांबला होता, म्हणून तो दिसला. मामांना त्यापुढचं आठवत नाही.

जागे झाले तेव्हा मामी शेजारी होती. एक लहानसा भाग सापडला, तो दुर्बिणीतूनच पूर्ण काढला, इतर ठिकाणचेही नमुने घेतले, तपासायला पाठवले. पंधरा दिवस थांबायचं.

त्या संध्याकाळी मामा घरी पडून होते. घड्याळाकडे बघत ते मनात वस्तू मोजत होते. प्रयोग संपल्याबरोबर महाराजांचा फोन आला. “सगळं बिनचूक! फक्त प्रेमपत्र राहिलं रे ट्रंकेत. मग नायिकेनं कपडेपटातली धुलाईची यादी वाचली. ‘सदरे चार’ असं म्हणून अशी काही रडली की बाया रुमाल काढून बसल्या.”

मामा इतके हसले की मामीनं पोट धरायला लावलं.

ते पंधरा दिवस कसे गेले ते मामांनी कुणाला सांगितलं नाही. ट्रंकेतली प्रत्येक वस्तू त्यांनी पुसली एवढंच मामीनं पाहिलं. मग दोघं जाऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसले. त्यांनी कागद उलटला.

“पेशी बदलायला लागल्या होत्या. अगदी सुरुवात. कॅन्सर नाही. जेवढं होतं तेवढं पूर्ण निघालंय, कडा स्वच्छ आहेत. बाकीचे नमुने चांगले आहेत.”

मामी पदराशी चाळा करत होती, तो थांबला.

“मग आतडं?” मामांनी विचारलं.

“तुमचं तुमच्यापाशीच. मात्र सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि पुढे दरवर्षी. गोळ्या चालूच, कितीही बरं वाटलं तरी. सूज दबलेली राहणं हीच अर्धी राखण आहे.”

“त्या गुलाबी दिवशी तुम्ही तसंच पुढे बघितलं असतंत, तर हे दिसलं असतं?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “खरं सांगू? नसतं.”

मामा उठले. दारापाशी त्यांनी वळून हात जोडले आणि बाहेर आले. खाली खिडकीत तारखा देणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी सहा महिन्यांपुढचं पान काढलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. मामांनी खिशातली डायरी उघडली. त्या दिवशी दोन प्रयोग होते, दुपारी एक आणि संध्याकाळी एक. मामीनं ते वाचलं आणि श्वास धरला.

“अडचण आहे का?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं. “पुढची देऊ?”

“नको,” मामा म्हणाले. “प्रयोगाचं मी बघतो, तुम्ही तारीख लिहा.”